हाक ऐकायची कशी?

(प्रौढ वर्गात केलेले भाषण)



आज मला बोलायला उभे केले आहे. मी निवृत्त हेडमास्तर. शिक्षण मॅट्रिक. सारा जन्म मुलांना "गप्प बसा आणि ऐका" असे सांगण्यात गेला. मी स्वतः किती ऐकले, हे मात्र मला कोणी विचारले नाही. आज मीच सांगणार आहे.

तुमच्यातले पुष्कळ जण ख्रिस्ती आहेत, काही नाहीत. मी ख्रिस्ती माणूस. तेव्हा माझ्या घरची गोष्ट मी माझ्या घरच्या शब्दांत सांगेन. कोणी परके वाटून घेऊ नये.

देव माणसाशी बोलतो, असे आम्ही म्हणतो. दर रविवारी म्हणतो. मग तो ऐकू का येत नाही? परवा एका तरुणाने मला हेच विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, मी रोज प्रार्थना करतो. पण पलीकडून काही आवाजच नाही." मी त्याला विचारले, "तू बोलायचा थांबतोस कधी?" तो म्हणाला, "आमेन म्हटलं की उठतो."

आता बघा. फोनवर एकच माणूस सारखा बोलत राहिला आणि बोलून झाल्यावर त्याने फोन ठेवून दिला, तर पलीकडच्याचे काय ऐकू येणार? मी त्या पोराला हसलो नाही. कारण मीही तसाच. मी उपासनेत प्रार्थनेला उभा राहिलो की दहा दहा मिनिटे बोलायचो. लोक म्हणायचे, गुरुजींची प्रार्थना फार छान. मलाही बरे वाटायचे. त्या दहा मिनिटांत देवाला एक शब्द बोलायला मी फट ठेवत नव्हतो.

लोक म्हणतात, हल्ली गलबला फार वाढला. पहाटे दुधाच्या गाड्या सुरू होतात. ट्रॅक्टरवर गाणी लागतात. लग्नाचे कर्णे असतात. घरात टीव्ही असतो, आणि आता तर प्रत्येकाच्या खिशात मोबाईल टुणटुण वाजतो. हे सगळे खरे. पण पूर्वी सगळे शांत होते असे जे म्हातारे सांगतात, त्यांचे फारसे ऐकू नका. मीही म्हाताराच आहे, म्हणून सांगतो. पूर्वी पहाटे जाती घरघरायची, मोटेची चाके करकरायची, आणि पाणवठ्यावर भांडणे तर आजच्यापेक्षा मोठ्याने व्हायची.

बाहेरचा आवाज दार लावून थोडा तरी कमी करता येतो. आतला आवाज कसा बंद करणार? डोळे मिटले की आत बाजार भरतो. कांद्याला भाव काय येईल? सोसायटीचा हप्ता कसा भरायचा? मुलीचे स्थळ का फिरले? अमका मला पारावर काय बोलला, आणि मी त्याला काय बोलायला हवे होते! ओठ "हे आमच्या बापा" म्हणत असतात आणि मन वजनकाट्यापाशी उभे असते. खरा गलबला हा.

पवित्र शास्त्रात शमुवेल नावाच्या मुलाची गोष्ट आहे. आमच्या रविवारच्या शाळेत लहान मुलांना ती नेहमी सांगतात. पण ती अर्धीच सांगतात. मी आज पुरी सांगतो.

हन्ना नावाच्या बाईला मूल होत नव्हते. तिने देवाजवळ रडून मुलगा मागितला. मुलगा झाला तेव्हा तिने तो देवाच्या सेवेला दिला. शिलो नावाच्या गावी देवाचे मंदिर होते. तिथे एली नावाचा म्हातारा याजक होता. त्याची दृष्टी अधू झाली होती. हा मुलगा त्याच्या हाताखाली काम करी.

एका रात्री मंदिरातला दिवा अजून विझला नव्हता. शमुवेल निजला होता. त्याला कोणी हाक मारली. तो उठला आणि धावत एलीकडे गेला. "मला बोलावलंत?" एली म्हणाला, "नाही रे, जा, नीज." पुन्हा हाक आली. पुन्हा तो धावत गेला. तिसऱ्यांदाही तसेच झाले. तेव्हा म्हाताऱ्याच्या ध्यानात आले, की मुलाला देव हाक मारतो आहे. त्याने सांगितले, "आता हाक आली तर उठून पळू नकोस. पडल्या जागीच देवाला सांग, की मी ऐकायला तयार आहे."

इथे दोन गोष्टी मला फार खऱ्या वाटतात. एक म्हणजे देवाची हाक त्या मुलाला ओळखीच्या माणसाच्या हाकेसारखी वाटली. आकाश गडगडले नाही. रोज जो म्हातारा हाक मारतो, त्याचीच ही हाक, असे त्याला वाटले. आणि दुसरी अशी, की ऐकू मुलाला आले, पण उमगले म्हाताऱ्याला. म्हाताऱ्याला हाक ऐकू येत नव्हती. तरुण कान आणि म्हातारी समज अशी दोन्ही लागली.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. आता पुढे ऐका. देव त्या मुलाला काय बोलला? "शाबास बाळा" असे नाही. एलीचे मुलगे लबाड निघाले होते. लोक देवाला अर्पण आणीत, त्यातले मांस ते दांडगाईने उचलून घेत. बापाला सगळे ठाऊक होते, पण त्याने त्यांना आवरले नाही. आता त्या घराण्याला शिक्षा होणार, हे देवाने त्या पोराला सांगितले. पोर सकाळपर्यंत पडून राहिले. मग उठून त्याने मंदिराची दारे उघडली. पण एलीला सांगायची त्याला भीती वाटली. ज्याने आपल्याला वाढवले, त्यालाच हे सांगायचे! शेवटी एलीनेच त्याला बोलते केले. आणि म्हाताऱ्याने ते ऐकून घेतले. तो मुलावर रागावला नाही.

म्हणून मी म्हणतो, देवाची हाक ऐकायची इच्छा करणाऱ्याने आधी थोडा विचार करावा. ती नेहमी गोड असतेच असे नाही.

दुसरा एक मोठा माणूस एलीया. तो देवाचा संदेष्टा होता. राणी त्याच्या जिवावर उठली, म्हणून तो रानात पळाला. इतका थकला, की एका झुडपाखाली बसून "आता मरण दे" म्हणाला आणि झोपी गेला. देवाने त्याला काय केले? उपदेश केला? नाही. आधी झोपू दिले. मग दूताकडून भाकर आणि पाणी दिले. पुन्हा झोपू दिले. पुन्हा खाऊ घातले. मला ही जागा फार आवडते. रात्रभर दारे धरून पाणी भरलेला माणूस सकाळी प्रार्थनेत पेंगतो, आणि मग त्याला वाटते, आपण पापी आहोत. अरे बाबा, आधी झोप. भाकर खा. थकलेल्या माणसाच्या कानात स्वतःचीच हाडे बोलत असतात.

मग एलीया होरेब डोंगरावर गेला. तिथे सोसाट्याचा वारा सुटला, खडक फुटले. देव त्या वाऱ्यात नव्हता. भूकंप झाला. त्यातही नव्हता. आग झाली. त्यातही नव्हता. आगीनंतर अगदी हळू, मंद आवाज आला. तेव्हा त्याने अंगावरच्या वस्त्राने तोंड झाकले. आणि त्या आवाजाने त्याला हेच विचारले, की तू इथे काय करतो आहेस? मग त्याला आल्या वाटेने परत कामावर पाठवले. हल्ली काही ठिकाणी मोठे कर्णे लावून, ओरडून देवाला बोलावतात. मला त्यांना नावे ठेवायची नाहीत. पण एलीयाची गोष्ट मी त्यांना जरूर वाचायला सांगेन.

आता इथे बसलेल्या बाया मनात म्हणत असतील, गुरुजींना डोंगर आणि रान सुचते, आम्हाला चुलीपुढून उठायला सवड नाही. खरे आहे. प्रभू येशू एकदा मार्था आणि मरीया या बहिणींच्या घरी गेले. मरीया त्यांच्या पायांशी बसून ऐकत राहिली. मार्था रांधण्यावाढण्यात गुंतली आणि चिडली. तिने प्रभूंकडेच गाऱ्हाणे केले. प्रभू तिला स्वयंपाक करू नको म्हणाले नाहीत. तिचे मन दहा ठिकाणी ओढले जाते आहे, हे त्यांनी तिला दाखवले. ही गोष्ट पुरुष मंडळी बायकांना मोठ्या हौसेने ऐकवतात. माझे म्हणणे असे, की पुरुषांनी ती ऐकवू नये. उठून दोन घागरी पाणी भरावे, म्हणजे तिला बसायला घटकाभर मिळेल. आणि हाताला काम असले तरी मन शांत असू शकते, हे तुम्हाला मी काय सांगू? जात्यावर बसून देवाचे नाव घेणाऱ्या बाया याच मुलखातल्या.

स्वतः प्रभूही लोकांच्या गराड्यात असत. कफर्णहूम गावी एके संध्याकाळी सगळे गाव दारात जमले. आजारी माणसे आणली. रात्र कामात गेली. तरी पहाटे अंधार असतानाच ते उठले आणि एकांतात प्रार्थनेला गेले. शिष्य शोधत आले, की सगळे तुम्हाला शोधताहेत. म्हणजे त्यांनाही सवड मिळत नव्हती. ती त्यांनी काढली.

एकांत मिळालाच नाही, तर देव बोलत नाही का? बोलतो. आगगाडीतही बोलतो. कवी नारायण वामन टिळक यांची भजने आपल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या आजही गातात. त्यांचा जन्म 1861 चा, ब्राह्मण घरातला. एकदा राजनांदगावला जाताना गाडीत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणे निघाले. त्या गृहस्थांनी त्यांना नवा करार वाचायला दिला. टिळकांनी तो वाचला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि त्यांना पुस्तक सोडवेना. 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गाडीच्या डब्यात खडखडाट काय थोडा असतो? पण वाचायला घेतलेले त्यांनी लक्ष देऊन वाचले.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या काही वर्षे दूर राहिल्या. नवऱ्याने सांगितले म्हणून त्या मागे गेल्या नाहीत. जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांच्याच मनात उभा राहिला आणि त्यांनीच त्याचे उत्तर शोधले. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना शाळा अशी मिळालीच नव्हती. तरी त्यांनी लिहिलेले 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक आजही लोक वाचतात. तुम्हीही एक दिवस वाचाल. त्यात हसू पुष्कळ आहे.

केडगावच्या पंडिता रमाबाईंनी तर साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून सगळे पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले. मूळ भाषा शिकून घेऊन आणले. आश्रमातल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले, त्यांनीच छापले. 1922 साली रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ त्यांच्यामागून बाहेर पडला.

आता एक सावधगिरीची गोष्ट. मनात आले ते सगळे देवाचेच, असे समजू नका. "देवानं मला सांगितलं" असे म्हणून माणसे काय काय करतात! एकाला देवाने बायकोचे दागिने विकायला सांगितले. एकाला शेजाऱ्याची जागा मागायला सांगितले. देवाने सांगितले ते नेमके याच्याच फायद्याचे निघाले, तर मला शंका येते. प्रभूंच्या शिकवणीच्या उलट जे असेल, ते देवाचे नव्हे, एवढे पक्के. आणि मन गोंधळले तर शमुवेलासारखे एखाद्या जाणत्या माणसाकडे जावे. जाणता म्हणजे शिकलेलाच, असे नाही. ते माझ्याच बाबतीत घडले आहे, म्हणून सांगतो.

आमची विहीर सामाईक आहे. वडिलांनी खणलेली. आम्ही दोघे भाऊ, मी थोरला. विहीर एक, मोटारी दोन. चार दिवस पाणी माझे, चार दिवस त्याचे. एका उन्हाळ्यात, माझ्या पाळीच्या रात्री, त्याची मोटर चालू दिसली. माझा कांदा पाण्यावाचून उभा. मी विहिरीवर गेलो आणि नको ते बोललो. त्याच्या पोरांसमोर बोललो. त्याच्या स्टार्टरचा फ्यूज काढला आणि खिशात घालून घरी आणला. दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून नवा आणला. पण आमचे बोलणे जे बंद झाले, ते आठ वर्षे.

आणि आता खरी लाजेची गोष्ट. महिन्याभराने मला कळले, की त्या रात्रीची पाळी माझ्याच मुलाने चुलत्याला बदलून दिली होती. मला सांगायला तो विसरला होता. भावाची काही चूक नव्हती. हे कळल्यावरही मी गेलो नाही. मी मोठा, मी गुरुजी, मी कसा जाऊ? तो फ्यूज कपाटात पडून राहिला. त्याच कपाटात माझे पवित्र शास्त्रही होते. रविवारी मी पुढे सतरंजीवर बसायचो, तो मागे दाराशी बसायचा. मी मनाला सांगायचो, की माझ्या मनात आता राग नाही, मी त्याला क्षमा केली आहे. बघा! ज्याने काही केलेच नव्हते, त्याला मी क्षमा केली होती.

आपल्या वर्गात एक आजी आहेत. नाव सांगत नाही, त्या लाजतील. वय सत्तरीच्या पुढे. त्यांना एकच हट्ट, की देवाचं पुस्तक आपल्या डोळ्यांनी वाचायचं. म्हणून वर्ग सुटल्यावर मी त्यांना थोडे वाचायला बसवतो. बोट ठेवून वाचतात. एका ओळीला पाव तास लागतो. जोडाक्षर आले की थांबतात, पाणी पितात, पुन्हा सुरू करतात.

त्या दिवशी डोंगरावरचे प्रवचन चालू होते. प्रभू तिथे सांगतात, की देवापुढे अर्पण आणलेस आणि तिथे तुला भावाची आठवण झाली, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. मी या जागेवर किती वेळा बोललो असेन, त्याची गणती नाही. आजी वाचता वाचता थांबल्या. बोट मागे नेले. पुन्हा वाचले. म्हणाल्या, "गुरुजी, हितं छापायला चुकलंय का?"

मी म्हटले, "का हो?"

"मला वाटलं, आपल्या मनात भावाचा राग असंल तर, असं असंल. पर हितं तसं न्हाई. भावाच्या मनात आपल्याइषयी काही असंल तर, असं हाय. म्हंजे त्याचा राग हाय, आन् जायाचं आपण. असंच हाय न्हवं?"

मी पुस्तक ओढून बघितले. छापायला चुकले नव्हते. माझेच वाचायला चुकले होते. मी भराभर वाचणारा माणूस. ओळ सुरू झाली की शेवट मला पाठ. मधले शब्द मी कधी ऐकलेच नव्हते. तुम्ही म्हणता, आम्हाला हळू वाचता येतं, लाज वाटते. मला तुमचा हेवा वाटतो.

आजींना मी "बरोबर आहे" एवढेच म्हटले आणि घरी आलो. रात्री झोप नाही. मी मनात वाद घालत होतो. म्हटले, धाकट्याने यावे. म्हटले, कांदा निघाल्यावर जाऊ. म्हटले, पाळकांना मध्ये घेऊ. हे सगळे बोलणे माझे होते, हे मला चांगले ओळखू येत होते. आणि त्या सगळ्याच्या खाली एकच गोष्ट हळू पुन्हा पुन्हा येत होती, की जा. त्यात माझा काही फायदा नव्हता. त्यावरून मी ती ओळखली.

तरी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी फ्यूज घेऊन गेलो. भाऊ ओट्यावर पाइप जोडत बसला होता. मी फ्यूज त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटले, "त्या रात्री पाळी तुझीच होती. मला आठ वर्षांपासून माहीत आहे."

तो बराच वेळ काही बोलला नाही. फ्यूज हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाला, "हा आता बसत नाही, दादा. स्टार्टर कधीच बदलला."

भावजयीने चहा टाकला. मी प्यालो. दुसरे काही बोलणे झाले नाही. पाळ्यांचा हिशेब अजून पुरता लागलेला नाही, आणि भाऊ अजून दाराशीच बसतो. मात्र गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर तो चपला घालून बाहेर थांबला होता. आम्ही वेशीपर्यंत बरोबर आलो. मोटारीच्या दुरुस्तीविषयी बोललो.

आजींना यातले काही ठाऊक नव्हते. आज त्या समोर बसल्या आहेत, म्हणून आजच कळते आहे. त्या आता त्याच पानावर चार ओळी पुढे गेल्या आहेत. आज वर्ग सुटल्यावर आम्ही पाचवी ओळ घेणार आहोत. कोणाला बसायचे असेल, त्याने बसावे. फोन मात्र बाहेर ठेवून यावे.